सासूबाई ऊब घ्यायला येतात

सरकारी मदतीच्या कोळशाच्या यादीत आपलं नाव नसणार, हे सापराली मास्तरांना यादी वाचायच्या आधीच माहीत होतं. तरीही ते गावच्या कार्यालयापर्यंत चालत गेले, चष्मा पुसला, वरपासून खालपर्यंत यादी वाचली, मग खालपासून वर वाचली (खालून वाचल्यावर एखादं नाव सापडतं असा त्यांचा अनुभव नव्हता, पण आशा होती) आणि आपल्याकडे कोणी बघत नाही ना, याची खात्री करायला मान वळवली. सगळं गाव बघत होतं.

मदतवाटपाचं काम जिबेककडे होतं. ती एकेकाळी मास्तरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची आणि अजूनही शाळेतल्यासारखी त्यांना 'आगाय', म्हणजे गुरुजी, म्हणायची. तिने अगदी अदबीने सांगितलं की हा कोळसा गरजूंसाठी आहे. आगायना पेन्शन आहे, छप्पर धड आहे, घरात माणसं दोन आणि दोन्ही हिंडतीफिरती. मास्तर म्हणाले, मी मागायला आलोच नव्हतो, नुसतं शुद्धलेखन तपासत होतो. एवढ्यावर ते थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तेवढ्यात त्यांचा शेजारी शार्शेन मागून म्हणाला, "माझं नाव आहे बघा, मास्तर. अगदी डोळ्यांत भरेल असं." शार्शेनच्या दारात जीप उभी असायची. ती त्याच्या आईच्या नावावर होती, आणि आई गरजूंमध्ये होती.

मास्तरांचं डोकं फिरलं. भरल्या कार्यालयात त्यांनी जाहीर केलं की त्यांना कोणाच्याही मदतीची गरज नाही. गावातले लोक कोळसा जाळत नाहीत, उधळतात. आपल्या शेडमध्ये आहे तेवढ्याच कोळशात आपण नूरुझपर्यंत घर उबदार ठेवून दाखवू, आणि जो उरेल तो शार्शेनच्या गरजू आईला नेऊन देऊ. नूरुझ म्हणजे वसंताचा सण, आणि तो यायला अख्खा हिवाळा जायचा होता. किरगिझ डोंगरातल्या आत-बाशीकडचा हिवाळा हा काही थट्टेचा मामला नव्हे. तिथे थुंकी जमिनीवर पोचायच्या आत टणक होते. मास्तरांच्या शेडमधला ढीग जानेवारी उजाडेपर्यंत पुरला असता तरी पुष्कळ झालं असतं.

मास्तर घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. त्यांची बायको बुरुलचा दारातच उभी होती.

"नूरुझपर्यंत का?" तिने विचारलं. "उन्हाळा म्हणायचं होतं. जीभ उचललीच होती तर."

तिचा राग नुसता कोळशावरचा नव्हता. हे घर थंड म्हणून गावात प्रसिद्ध होतं, आणि तिच्या माहेरीही. तिची आई, झुराकान आपा, लेकीच्या घरी यायची ती अंगातला कोट न काढता बसायची. चहा प्यायची, जावयाला म्हणायची, "तुमच्याकडे चहा ओतेपर्यंतच गार होतो हो, जावईबापू," आणि उजेड असतानाच परत जायची. लग्न होऊन केस पांढरे झाले, पण आपा लेकीकडे एकदाही मुक्कामाला राहिली नाही. त्या वर्षी गवत कापायच्या दिवसांत आपा वारली. त्यामुळे थंड घर या विषयावर बुरुलचा आता भांडायची नाही, नुसती गप्प बसायची, आणि मास्तरांना भांडण परवडलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. मास्तरांनी उष्णतेचा धडा जन्मभर शिकवला होता, आणि तो आपण सोडून कोणालाच कळलेला नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. उष्णता निर्माण करायची नसते, अडवायची असते, असं ते बुरुलचाला सांगत आणि बुरुलचा कणकेची खळ ढवळत बसे. मागच्या दोन खोल्या बंद झाल्या. घर तापवणाऱ्या भट्टीच्या खोलीतल्या खिडकीच्या सगळ्या फटींवर खळ लावून कागदाच्या पट्ट्या डकवल्या गेल्या. कागद म्हणून पोरांच्या जुन्या उत्तरपत्रिका वापरल्या, त्यामुळे खिडकीभोवती लाल शून्यांची वेलबुट्टी उमटली. दारावर आतून लोकर थापून केलेल्या जाड नमद्याचं जाजम ठोकलं. भिंतीतल्या हवेच्या भोकात बुरुलचाच्या जुन्या कोटाची बाही कोंबली. किल्लीच्या भोकात लोकर गेली. (एका किल्लीच्या भोकातून हिवाळाभरात किती उष्णता पळते याचं गणित मास्तरांनी करून पाहिलं होतं आणि उत्तर बघून त्यांना झोप लागली नव्हती.)

राहता राहिलं धुराडं. विटांच्या भट्टीतून वर जाणाऱ्या धुराड्यात लोखंडी झडप होती. कोळसा पुरता जळून राख झाली, निखाऱ्यावरची निळी जीभ विझली, की मगच ती झडप लावायची, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मास्तर मात्र निखारे लालबुंद असतानाच झडप लावू लागले.

"एवढ्यात?" बुरुलचा म्हणाली.

"धूर दिसतोय का तुला?"

"नाही दिसत."

"मग जिथे धूरच नाही तिथे धुराडं उघडं कशाला? अल्लाच्या आभाळाला शेक द्यायला?"

मास्तरांशी लग्न झाल्यापासून बुरुलचाला बऱ्याच गोष्टींवर उत्तर सुचायचं नाही. त्या चुकीच्या वाटायच्या, पण मास्तर पुस्तकातल्या वाटतील अशा बोलायचे.

आणि नवल म्हणजे घर खरंच तापलं. लहानशा टोपलीभर कोळशात भिंती ऊन लागू लागल्या. बुरुलचाने आधी शाल काढली, मग स्वेटर काढला, आणि आपल्याच घरात बाह्या वर सारून बसताना ती थोडी लाजली. मास्तर शेडमधल्या ढिगाकडे आता वेगळ्याच नजरेने बघू लागले. ढीग जवळपास होता तसाच होता.

फक्त एक गोष्ट कोणी हिशेबात धरली नव्हती. घर बंद झालं आणि बाहेरचा आवाज यायचाही बंद झाला. शार्शेनचं कुत्रं भुंकताना खिडकीतून दिसायचं, त्याचा जबडा उघडायचा, मिटायचा, पण ऐकू काही यायचं नाही. रस्त्याने घोडागाडी जायची ती पाण्याखालून गेल्यासारखी. दुपारी बर्फाचा उजेड त्या लाल शून्यांतून आत यायचा आणि खोलीभर कसला तरी फिका रंग पसरायचा. घड्याळाची टिकटिक तेवढी मोठी झाली होती. दोघं जण एकमेकांशी बोलताना आवाज खाली ठेवू लागले, आणि तसं का, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

मांजर सगळ्यात आधी गेलं. इतकी वर्षं भट्टीला पाठ लावून बसणारं ते मांजर, आता घर पहिल्यांदा मांजराला शोभेल असं झालं होतं तर दाराशी बसून ओरडायला लागलं. बुरुलचाने दार किलकिलं करताच ते बाहेर पळालं आणि शेडच्या छपरावर, भर बर्फात, अंग आक्रसून बसलं. दूध दाखवलं, मांस दाखवलं, तरी आत येईना. ते तिथून नुसतं दाराकडे बघत राहायचं.

शार्शेन एकदा येऊन गेला. ऊब खरी की थाप, ते बघायला आला होता. भिंतीला हात लावून पाहिला, खिडकीवरची स्वतःच्या मुलाची उत्तरपत्रिका ओळखली, आणि मग दोघांकडे निरखून बघत म्हणाला की तुमचे चेहरे काय लाल झालेत हो, नवीन लग्न झाल्यासारखे. मास्तर फुशारून ऊर्जेच्या बचतीवर बोलू लागले. शार्शेन थोडा वेळ बसला, कपाळ चोळलं, आणि मास्तरांच्या बोलण्याने माझं डोकं धरलं म्हणून अर्धा चहा टाकून निघून गेला. मास्तरांनी याचा अर्थ मत्सर असा काढला.

पावलं पहिल्यांदा ऐकू आली ती त्यानंतरच्या एका दुपारी. बुरुलचा लोकर पिंजत होती, मास्तर डोकं जड झालंय म्हणून आडवे पडले होते. मागच्या बंद खोलीत कोणीतरी चालत होतं. बुटांवर चढवतात त्या रबरी गालोशांचा आवाज होता, चट् पट्, चट् पट्, एक पाऊल पुरं आणि एक ओढलेलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"लाकूड आकसतंय," मास्तर म्हणाले. "थंडीत आकसतं."

"लाकूड लंगडत आकसतं का?"

झुराकान आपा डाव्या पायाने लंगडायची. घोड्यावरून पडल्यापासून तिचं एक पाऊल ओढलेलं यायचं.

मास्तर हातात चिमटा घेऊन उठले, मागच्या खोलीचं दार उघडलं. आत काळोखी थंडी होती. जमिनीवर बारीक हिम साचलं होतं आणि त्यावर कुठेही पाऊल नव्हतं. त्यांनी दार लगेच लावून घेतलं. (भुताच्या भीतीपेक्षा उष्णता बाहेर जाण्याची भीती त्या वेळी मोठी होती, असं ते पुढे सांगायचे. चिमटा का थरथरत होता, ते मात्र सांगायचे नाहीत.)

त्यानंतर बुरुलचा बदलली. ती सकाळी उशिरा उठू लागली, कामाच्या मध्येच हात थांबवून कोपऱ्याकडे बघू लागली. त्या कोपऱ्यात गोधड्यांच्या चळतीशेजारी पाहुण्याला बसवायची जागा होती. एकदा चहा ओतताना तिने दोन पेले भरले आणि मग शांतपणे तिसरा भरला.

"हा कोणाला?" मास्तरांनी विचारलं.

"आपाला," ती म्हणाली. "बसलीय ती. कोट काढून बसलीय."

मास्तरांनी कोपऱ्यात पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. पण बुरुलचाच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते त्यांनी लग्नापासून पाहिलं नव्हतं. ती सुखात होती. आई शेवटी एकदाची तिच्या घरी राहायला आली होती.

मास्तर त्या दिवशी बाहेर शेडमध्ये जाऊन बराच वेळ उभे राहिले. बाहेरच्या हवेत त्यांचं डोकं जरा हलकं झालं आणि त्यात दोन विचार आले. एक म्हणजे आपल्या बायकोला वेड लागत चाललंय. दुसरा जरा चोरटा होता: मेलेल्या माणसालाही उतरून यावंसं वाटावं इतकी ऊब शार्शेनच्या घरात आहे का? आणि आपांना कोळसा लागत नाही. आल्या तर आल्या. हा दुसरा विचार आल्याची त्यांना लाज वाटली, पण तो गेला नाही.

मग एके दुपारी बुरुलचा झोपलेली असताना त्यांनी स्वतः पाहिलं.

ते भट्टीपाशी बसून निखारे सारखे करत होते. कानात नदी वाहिल्यासारखा आवाज होता, हातपाय दुसऱ्याचे वाटत होते. वर पाहिलं तर कोपऱ्यात झुराकान आपा बसली होती. डोक्याला पांढरा रुमाल, कोट काढून शेजारी नीट घडी करून ठेवलेला. तोंड नीट दिसत नव्हतं, पण मान जराशी वाकडी करून ती त्यांच्याकडे बघत होती, चहा गार झाल्यावर बघायची तशीच.

"जावईबापू," ती म्हणाली, "खिडकी उघडा."

मास्तरांची जन्मभराची सवय जाते कुठे.

"आत्ताच डकवलीय, आपा," ते म्हणाले. "नूरुझला उघडू."

"गुदमरतंय."

"तुम्हाला आता कसलं गुदमरतंय?"

आपाने नुसतं बुरुलचाकडे पाहिलं, झोपलेल्या मुलीकडे, आणि परत जावयाकडे. खोलीत एवढी ऊब असून मास्तरांचे दात वाजायला लागले. मग घड्याळाचा टोला पडला आणि कोपऱ्यात नुसत्या गोधड्या होत्या.

हे त्यांनी बुरुलचाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खिडकी उघडावी लागली असती. एवढी खळ, एवढ्या उत्तरपत्रिका, आणि शार्शेन रोज कुंपणावरून ढीग बघून जात होता. शिवाय भौतिकशास्त्राच्या माणसाने सासूच्या भुताशी घासाघीस केली, हे गावात कळलं तर काय, हाही प्रश्न होता.

पण बुरुलचानेच विषय काढला. आपा काहीतरी मागतेय, ती म्हणाली. सारखी बघते, बोलत नाही, म्हणजे भुकेली आहे. शुक्रवारी तिच्या नावाने तेलाचा वास सोडायचा. तिकडे हे सगळेच करतात. गेलेल्या माणसाला जेवण लागत नाही, त्याला तापलेल्या तेलाचा आणि बोर्सोकचा, कणकेच्या तळून फुगवलेल्या तुकड्यांचा, वास पोचतो, त्याने त्याचं पोट भरतं. बोर्सोक तळायचे, कुराण वाचायला मुल्लाला बोलवायचं, आणि दारंखिडक्या मोकळ्या ठेवायच्या, म्हणजे वास बाहेर पडून जिथे जायचा तिथे जातो.

"तळ," मास्तर म्हणाले. "पण खिडकी कशाला?"

"वास बाहेर कसा जाणार?"

"आपा आहेत कुठे? आत. तूच म्हणतेस ना, त्या कोपऱ्यात? मग माणूस आत बसलेलं असताना त्याचं जेवण बाहेर पाठवायचं, हा कुठला न्याय?"

बुरुलचा गोंधळली. युक्तिवाद बिनतोड होता. उभ्या किरगिझ मुलखात तोवर कोणी असा केला नसेल, कारण असं बंद घरच कोणाचं नव्हतं. जापार मुल्लांना विचारलं तेव्हा तेही गोंधळले. पुस्तकात याबद्दल काही आठवत नाही, म्हणाले, पण बोर्सोक गरम असतील तर वाचायला काही हरकत नसावी.

शुक्रवारी दुपारी नमाज आटोपून मुल्ला आले. तळणासाठी भट्टी सकाळपासून पेटली होती, कधी नव्हे तो भरपूर कोळसा घातला होता, आणि तेवढी उष्णता वाया जाऊ नये म्हणून मास्तरांनी झडप लावून टाकली होती. मुल्ला आत आले, जाजम मागे पडलं, आणि बाहेरचं जग पुन्हा पुसल्यासारखं झालं. कढईत बोर्सोक फुगत होते. तेलाचा धुरकट वास खोलीत कोंदून राहिला, जाणार कुठे? बुरुलचाने कोपऱ्यासमोर जेवणाचा दस्तरखान अंथरला, चहाचा पेला ठेवला. मुल्लांनी डोळे मिटून वाचायला सुरुवात केली.

आवाज चांगला होता मुल्लांचा, पण थोड्या वेळाने तो हळू झाला. मग आणखी हळू. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा येऊ लागला. मास्तरांना मुल्लांचे ओठ दिसत होते आणि शब्द नंतर ऐकू येत होते. बुरुलचा कढईपाशी झारा धरून उभी होती आणि झाऱ्यातून तेल जमिनीवर ठिबकत होतं, तिला पत्ता नव्हता. मग मुल्ला थांबले. त्यांनी डोळे उघडले, कोपऱ्याकडे पाहिलं, छातीवर हात ठेवून मान लववली.

"या, आपा," ते म्हणाले. "सरका जरा भिंतीकडे. तुमचा चहा घ्या."

मुल्लांनी झुराकान आपाला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. आता मात्र ती एकट्या बुरुलचालाच दिसते असं म्हणायची सोय उरली नाही. मास्तरांनाही ती दिसली. या वेळी ती बसलेली नव्हती. ती बुरुलचाच्या मागे उभी होती, अगदी जवळ, आणि तिने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला होता. बुरुलचाचे गुडघे वाकायला लागले.

तेव्हा मास्तर घाबरले. आपाला नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा ते या विचाराने घाबरले की बुरुलचा उद्या सकाळी या घरात नसेल आणि शेडमध्ये कोळसा तेवढा असेल. त्यांच्या तोंडून शब्द निघाले ते त्यांचे त्यांनाच लांबून ऐकू आले.

"बुरुलचा, आपा मागे माझ्याशी बोलल्या होत्या."

ती सावकाश वळली. "काय म्हणाली?"

"खिडकी उघडा म्हणाल्या. गुदमरतंय म्हणाल्या."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

मास्तरांना खोटं बोलायचं होतं, पण डोक्यात खोटं रचायला जागा उरली नव्हती.

"नूरुझला उघडू म्हटलं."

बुरुलचाच्या अंगात कुठून बळ आलं, ते देव जाणे. इतक्या वर्षांत एकदा आई राहायला आली, आणि तिने मागून मागून काय मागितलं तर हवा, आणि या माणसाने मेलेल्या बाईला तारीख दिली. तिने कणकेचं लाटणं उचललं. मास्तरांनी डोकं धरून खाली वाकून घेतलं, कारण ते आपल्यासाठी आहे असं त्यांना वाटलं. लाटणं त्यांच्या डोक्यावरून गेलं आणि काचा, खळ, लाल शून्यं घेऊन थेट बाहेरच्या बर्फात पडलं.

थंडी आत आली ती लाथ मारून आल्यासारखी. कुत्र्याचं भुंकणं आलं, कुठलीशी मोटार आली, लांब पोरांचा दंगा आला. मास्तरांनी बुरुलचाला काखेत धरून दाराकडे ओढलं, जाजम फाडलं, मुल्ला गुडघ्यांवर रांगत मागोमाग आले. तिघं जण अंगणात बर्फात पडले आणि पोटातलं सगळं ओकले. शेडच्या छपरावरून मांजर बघत होतं.

तळणाचा वास फुटक्या खिडकीतून गावभर सुटला. सगळ्यात आधी शार्शेन धावत आला, कारण एवढे बोर्सोक म्हणजे कोणाचं तरी श्राद्ध असणार, असं त्याला वाटलं. आत जाऊन त्याने पहिली गोष्ट काय केली असेल तर झडप उघडली. मग त्याने दवाखान्यातल्या बाईला बोलावून आणलं. तिने तिघांचे डोळे पाहिले, नाड्या पाहिल्या, भट्टी पाहिली आणि मग मास्तरांकडे पाहिलं. निखाऱ्यांचा वायू चढला होता. त्याला रंग नाही, वास नाही. त्याने आधी डोकं दुखतं, मग नाही नाही ते दिसतं, आणि मग काहीच दिसत नाही. अजून एक बोर्सोकचा घाणा निघाला असता तर तिघांच्या नावाने तळायची पाळी आली असती.

"तुम्ही तर विज्ञानाचे मास्तर ना?" ती म्हणाली.

"भौतिकशास्त्र," मास्तर म्हणाले. ते अजून बर्फात बसलेले होते आणि त्यांनी बुरुलचाचा हात सगळ्यांसमोर घट्ट धरला होता, जे त्या गावात कोणी करत नाही. "वायू रसायनशास्त्रात येतात. तो विषय माझ्याकडे नव्हता."

बुरुलचाने हात सोडवून घेतला नाही. तिने दवाखान्यातल्या बाईचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, असेल तसं. पण वायू लंगडत नाही. मुल्लांनीही मान हलवली. त्यांनी नंतर चारचौघांत शपथेवर सांगितलं की म्हातारीचा रुमाल पांढरा होता, आणि जाताना ती खिडकीतूनच गेली.

पुढचे दिवस मोठे वाईट गेले. खिडकीला पुठ्ठा लावला होता, तो वाऱ्याने रात्रंदिवस फडफडायचा. झडप बुरुलचाच्या ताब्यात गेली आणि ती उघडीच राहू लागली. घर पुन्हा पूर्वीसारखं गार झालं, कोळशाचा ढीग डोळ्यांदेखत उतरायला लागला, आणि कुंपणापलीकडून शार्शेन ढिगाकडे बघून मान हलवायचा. मास्तर दोन कोट घालून भट्टीपाशी बसत आणि हिवाळ्याच्या उरलेल्या दिवसांकडे बघत. कार्यालयात जाऊन मदत मागायची कल्पना त्यांच्या मनात यायची आणि प्रत्येक वेळी ते ती बाजूला सारायचे. बुरुलचा खोकायला लागली तेव्हा मात्र त्यांनी टोपी घातली आणि जिबेककडे जायला निघाले. माफी कुठल्या शब्दांत मागायची, ते मनात घोकत त्यांनी दार उघडलं.

दारात कोळशाची गाडी उभी होती. दोघं जण फावड्याने कोळसा उतरवत होते आणि शेजारी जिबेक उभी होती.

"आगाय, तुमचं नाव बसवलं यादीत," ती म्हणाली.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ताठा पुरता मेलेला नव्हता. ते म्हणाले की ते गरजू नाहीत, हे तिनेच सांगितलं होतं.

"नाहीच तुम्ही गरजू. गरजूंत तुम्ही बसत नाही." जिबेकने जरा इकडेतिकडे पाहिलं. "वेगळा गट आहे. ज्यांना आगीजवळ एकटं सोडता येत नाही, त्यांचा."

मास्तरांनी एक ढेकूळ उचलून पाहिलं. चांगला कोळसा होता, मोठ्या ढेकळांचा.

"या गटात आणखी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"शार्शेनकाकांचा नातू आहे. तीन वर्षांचा. तो झडपेला हात लावत नाही, पण नियम म्हणजे नियम."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि सही कुठे करायची ते विचारलं.

"तुमची चालत नाही, आगाय," जिबेक हळूच म्हणाली. "या गटाला पालकाची लागते. बुरुलचाकाकूंनी सकाळीच केलीय."